फेब्रुवारीचे दोनशे रुपये

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात अम्मीचा फोन आला. मी पुण्यात, ऑफिसमध्ये. एरवी ती कामाच्या वेळेत फोन करत नाही. उचलला तर सलाम नाही, दुवा नाही, थेट म्हणाली, "बेटा, तेरा ऍप खाला कू झूटा ठैरा रा."

आमच्या घरी दखनी बोलतात. पुढचं सगळं बोलणं मी मराठीतच लिहिते, नाहीतर अर्ध्या वाचकांना ते समजावून सांगत बसावं लागेल.

राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात अम्मी बायकांची एक भिशीवजा बचत चालवते. बारा जणी आहेत. नऊ आमच्या मोहल्ल्यातल्या, तिघी मागच्या आळीतल्या. दर महिन्याच्या ५ तारखेला प्रत्येकीने दोनशे रुपये भरायचे आणि गरज पडली तर आपल्या जमेच्या तिप्पट उचल घ्यायची. व्याज नाही. कर्ज-ए-हसना म्हणून सुरू केलेली ही गोष्ट मागच्या आळीतल्या काकूंनाही पटली, कारण बिनव्याजी पैसे कुणाला नको असतात? चार वर्षांत एकीचंही पैसे बुडवायचं धाडस झालेलं नाही. अम्मीचा धाक हा भाग आहेच, पण त्याहून जास्त तिच्या वहीचा. लाल पुठ्ठ्याची लांब वही, निळ्या शाईतले आकडे, प्रत्येकीची सही किंवा अंगठा.

ती वही मी बंद पाडली. मी मोबाईलचे ऍप बनवते, तो माझा पोटापाण्याचा धंदा आहे. आईने अजून वहीत आकडेमोड करावी याची मला लाज वाटली असेल, किंवा माझं काम तिने एकदा तरी हातात धरून बघावं असं वाटलं असेल. सुट्टीत बसून एक छोटं ऍप लिहिलं. १ जून २०२४ ला सगळ्यांची मागची जमा त्यात भरली आणि अम्मीला सांगितलं, "आता वही नको." कार्डावर सही घ्यायचीही गरज नाही म्हणाले. सात जणींनी तरी कार्डं चालू ठेवली. अम्मीने सही केली, पण मला सांगितलं नाही.

झालं होतं असं. खालाच्या मुलीला नर्सिंगच्या कोर्सची फी भरायची होती. वीस हजार हवे होते. खालाची मागची जमा ७,२०० आणि जूनपासून जानेवारीपर्यंतचे आठ हप्ते, म्हणजे १,६००. फेब्रुवारीचे दोनशे धरून एकूण ९,०००. तिप्पट म्हणजे २७,०००. वीस हजार सहज बसत होते. पण अम्मीने मोबाईल उघडला तर खालाच्या नावापुढे जमा दोनशे रुपये, उचल मर्यादा सहाशे.

दोघी तिघी तिथेच बसलेल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "मोबाईल कशाला खोटं बोलेल?" हे वाक्य त्यांना मीच शिकवलं होतं. वही चुकते, मोबाईल चुकत नाही. खाला काही बोलली नाही. उठली आणि घरी गेली. चार वर्षांत एक हप्ता न चुकवणारी बाई.

मी फोनवर जे सांगितलं ते या धंद्यातले सगळेच सांगतात. फोन बंद करून चालू कर. जागा भरली असेल, फोटो काढून टाक. फोन जुना झालाय. अम्मीने पडद्याचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला. जमा दोनशे, मर्यादा सहाशे. बरोबर, म्हणजे चूकच. मग लॅपटॉपवर माझं ऍप उघडलं. आम्ही लॅपटॉपच्या आतच एक नकली फोन चालवतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. त्यात सगळं नीट दिसत होतं. जमा, हप्ते, उचल, पैशाचाही फरक नाही. म्हणजे दोष अम्मीच्या फोनचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्या फोटोत उत्तर होतं. मी ते वाचलं होतं आणि तरी मला दिसलं नव्हतं. त्याबद्दल पुढे.

शनिवारी, १ मार्चला, मी एसटीने गावी गेले. नगर सोडून मनमाड रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो आणि मला घर आल्यासारखं वाटतं. त्या संध्याकाळी रमजानचा चांद दिसला. पोरं गच्चीवरून ओरडली, मशिदीतून घोषणा झाली, घरात सहेरीची तयारी सुरू झाली. मी अम्मीचा फोन आणि माझा लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसले. बैठक दुसऱ्या दिवशी जोहरनंतर होती. सोमवारी फी भरायची होती.

पहिला अडथळा केबलचा. फोनला लावली तर चार्जिंग सुरू, पण लॅपटॉपला फोन दिसेना. बाजारातल्या काही स्वस्त केबलींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. बाहेरून कळत नाही. भाभीच्या फोनची केबल आणली तेव्हा दिसला.

मग फोनच्या आत शिरायचं तर त्याचे डेव्हलपर पर्याय उघडावे लागतात. फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची, की फोन म्हणतो, आता तुम्ही डेव्हलपर झालात. हे मी झोपेतही करते. पण अम्मीच्या फोनवर मला ती जागा सापडेना, कारण सगळा फोन मराठीत होता. भाभी हसली. म्हणाली, "मीच केलाय मराठी, जानेवारीच्या शेवटी. अम्मींना इंग्रजी वाचता येत नाही, तुम्ही कुणी लक्षातच घेतलं नाही." माझी भाभी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेली. मीही त्याच शाळेत शिकले. पण फोनमधले मराठी शब्द वाचताना मी अडखळत होते. हा कामाचा भाग मी आयुष्यात फक्त इंग्रजीतच केलेला होता.

मी वेळ वाचवायला फोनची भाषा इंग्रजी केली. काम झाल्यावर परत करू म्हटलं. सात टिचक्या मारल्या, यूएसबी डीबगिंग चालू केलं. लॅपटॉपवर फोन आला, पण 'परवानगी नाही' असा. फोनच्या पडद्यावर एक चौकट येते, या संगणकावर विश्वास ठेवायचा का? ती दाबेपर्यंत फोन लॅपटॉपशी बोलत नाही. दाबली. आणि सहज म्हणून ऍप उघडलं.

खालाच्या नावापुढे ८,८०० रुपये होते.

मी ओरडलेच, "अम्मी, झालं! दुरुस्त झालं!" काय दुरुस्त झालं ते मला माहीत नव्हतं, पण या धंद्यात आपोआप बरी झालेली गोष्टही आम्ही आपल्या नावावर खपवतो. अम्मी कणीक मळत होती. हात पुसत आली, चष्मा लावला आणि म्हणाली, "फेब्रुवारीचे दोनशे कुठे गेले?"

९,००० हवे होते. ८,८०० दिसत होते. आधी दिसत होते ते फक्त दोनशे. जे आधी दिसत होतं तेच आता गायब होतं, आणि जे गायब होतं ते परत आलं होतं. कॉलेजात शिकलेली मी आनंदात होते आणि चौथी शिकलेल्या अम्मीने एका नजरेत चूक पकडली. मी तिला विचारलं, कसं कळलं? म्हणाली, "माझा हिशेब आहे तो."

आता आत काय चाललंय ते बघायला मला ऍपची थोडी बदललेली प्रत फोनवर टाकायची होती. टाकली, तर फोनने नाकारली. जुन्या प्रतीवरची सही आणि नव्या प्रतीवरची सही जुळत नाही. प्रत्येक ऍपवर बनवणाऱ्याची एक डिजिटल सही असते, आणि तपासणीच्या प्रतींसाठी ती प्रत्येक लॅपटॉप आपली आपण तयार करतो. माझा जुना लॅपटॉप डिसेंबरात बंद पडला होता. त्याच्याबरोबर ती सही गेली. नव्या लॅपटॉपची सही वेगळी. फोनच्या दृष्टीने मी कुणी परकी बाई होते, जी अम्मीच्या ऍपवर आपलं ऍप चढवू पाहत होती. फोनचं बरोबरच होतं.

यावरचा उपाय मला तोंडपाठ आहे. जुनं ऍप काढायचं आणि नवं टाकायचं. रोज दहा वेळा करतो आम्ही. बोट बटणावर गेलंही होतं.

अम्मीने विचारलं, "जुनं काढलं तर आतलं लिहिलेलं कुठे जाईल?"

मी बोट उचललं. ऍप काढलं की त्याच्या पोटातली सगळी माहिती जाते. बारा बायकांचे नऊ महिन्यांचे हप्ते. वही जूनमध्ये थांबलेली. पाच जणींकडे कार्ड नाही. दुसरीकडे कुठे प्रत ठेवायची सोय मी ऍपमध्ये केली नव्हती, करू करू म्हणत राहिली. तपासणीच्या नकली फोनवर काहीच गमावण्यासारखं नसतं, म्हणून ती सवय लागत नाही. अम्मीचा फोन मी वर्षभर तपासणीचा फोन म्हणूनच वापरत होते. तिच्यासाठी ती तिजोरी होती.

मग वाट सापडली ती माझ्याच आळसामुळे. मी अम्मीला पक्कं बनवलेलं ऍप कधी दिलंच नव्हतं, तपासणीची कच्ची प्रत व्हॉट्सॲपवरून पाठवून दिली होती. कच्च्या प्रतीला मागचं दार उघडं असतं. केबल लावून, त्या ऍपच्या नावाने आत शिरून, त्याची माहितीची फाईल बाहेर काढता येते. पक्क्या प्रतीत ते दार बंद असतं, आणि बंदच असायला हवं. त्या रात्री ते उघडं होतं म्हणून वाचले. फाईल लॅपटॉपवर आली. पहिलं काम, तिच्या दोन प्रती करून ठेवल्या. मग उघडली.

सगळ्या ओळी जागच्या जागी होत्या. बारा बायका, एकही हप्ता कमी नाही. तारखांच्या रकान्यावरून नजर खाली गेली. जूनपासून जानेवारीपर्यंतच्या तारखा इंग्रजी आकड्यांत. आणि सगळ्यात खाली, फेब्रुवारीच्या बारा ओळी: २०२५-०२-०५. देवनागरीत.

मी किती वेळ नुसती बघत बसले कुणास ठाऊक. भाभीने फोन मराठी केला आणि त्या दिवसापासून माझं ऍप तारखा मराठीत लिहू लागलं. मी लिहिलेल्या सूचनेत एवढंच होतं की आजची तारीख लिही. कुठल्या आकड्यांत, ते सांगितलंच नव्हतं. न सांगितलं तर अँड्रॉइड फोनच्या भाषेला विचारतो. जगभरच्या भाषांचे रीतिरिवाज नोंदवून ठेवलेला एक सामायिक संग्रह आहे, त्यात मराठीचे नेहमीचे आकडे देवनागरी म्हणून नोंदवले आहेत. हिंदीचे मात्र इंग्रजी. आपल्या राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमातही संघराज्याच्या कामासाठी हिंदी देवनागरी लिपीत, पण आकडे आंतरराष्ट्रीय रूपातले, असंच आहे. म्हणजे भाभीने फोन हिंदीत केला असता तर हे कधी घडलंच नसतं. मराठीच्या बाबतीत संग्रह खरा आहे. कालनिर्णय घ्या, एसटीची पाटी घ्या, सातबारा घ्या, आपण मराठी आकडे खरोखर वापरतो.

तुम्हाआम्हाला २ हा दोनच, कुठल्याही लिपीत. यंत्राला तसं नाही. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षराला नंबर आहे. इंग्रजी शून्य ४८ वा, देवनागरी शून्य २४०६ वा. तारखा मी मजकूर म्हणून साठवत होते, त्यामुळे यंत्र अक्षरांचे नंबर बघून त्यांची तुलना करत होतं. देवनागरीतली कुठलीही तारीख इंग्रजीतल्या कुठल्याही तारखेच्या नंतरची ठरत होती. फोन मराठीत असताना ऍप जूनपासून आजपर्यंतची जमा मराठी तारखांच्या मध्ये शोधायचं, त्याला फक्त फेब्रुवारी सापडायचा. फोन इंग्रजीत केला की इंग्रजी तारखांच्या मध्ये शोधायचं, फेब्रुवारी सोडून सगळं सापडायचं. दोन्ही वेळा ते खरंच बोलत होतं. अर्धं.

आणि तो फोटो. अम्मीने व्हॉट्सॲपवर पाठवलेला. त्यात जमा दोनशे आणि मर्यादा सहाशे स्वच्छ देवनागरी आकड्यांत होते. लहानपणापासून दोन्ही आकडे सारख्याच सवयीने वाचत आल्यामुळे मी रक्कम वाचली, लिपी पाहिलीच नाही.

दुरुस्ती अगदी छोटी निघाली. साठवताना नेहमी एकाच ठरलेल्या आकड्यांत साठवायचं, आणि दाखवताना माणसाच्या भाषेत दाखवायचं. चार ठिकाणी एकेक शब्द. खरं सांगायचं तर त्या चारही ओळींवर माझं सॉफ्टवेअर वर्षभर पिवळा इशारा दाखवत होतं की भाषा गृहीत धरू नका, अशाने चुका होतात. असे पिवळे इशारे शेकडो असतात, आम्ही वाचत नाही. फेब्रुवारीच्या बारा ओळींमधले आकडे बदलून घेतले. नवी प्रत आधी भाभीच्या फोनवर टाकली आणि भाषा एकेक करून बदलून पाहिली. इंग्रजी, मराठी, हिंदी. मग उर्दू लावली, तर पडद्यावर तिसरेच आकडे आले, अब्बांच्या कुरआनातल्या आयतींच्या नंबरांसारखे. चारही भाषांत खालाची जमा एकच आली. नऊ हजार.

तेव्हा सहेरीची वेळ झाली होती.

त्या आकड्यांचाही एक किस्सा आहे, आणि हा ब्लॉग वाचणाऱ्यांना तो आवडेल. शून्यासह हे दहा आकडे हिंदुस्थानातून बगदादला गेले. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने त्या 'हिंदी' आकड्यांच्या हिशेबावर ग्रंथ लिहिला. अरब अजूनही आपल्या आकड्यांना हिंदी आकडे म्हणतात. तिथून ते युरोपात गेले आणि युरोपने त्यांना अरबी आकडे म्हटलं. आपल्या शून्याचं अरबीत सिफ्र झालं, आणि इंग्रजीतला झिरो त्याच सिफ्रमधून आला. आमच्या धंद्यातला अल्गोरिदम हा शब्दसुद्धा ख्वारिझ्मीच्या नावाचं लॅटिन रूप आहे. मग ते आकडे इंग्रजांबरोबर परत इथे आले, आणि आपण त्यांना इंग्रजी म्हणतो. त्या रात्री ओसरीवर हे दोघे भाऊ एका फाईलमध्ये एकमेकांना ओळख देईनात, याचं मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

वाईट वाटण्याचं खरं कारण वेगळं होतं. पुण्यात मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, "तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?" मी चिडते. म्हणते, शेख महंमद बाबांच्या श्रीगोंद्याच्या जिल्ह्यातली आहे, ज्ञानेश्वरी जिथे लिहिली ते नेवासं आमच्या शेजारच्या तालुक्यात आहे, मी मराठी बोलणार नाही तर काय बोलणार? आणि तीच मी बारा मराठी वाचणाऱ्या बायकांसाठी ऍप लिहिलं आणि एकदाही ते मराठीतल्या फोनवर चालवून पाहिलं नाही. दोष नकली फोनचा नव्हता. त्याचीही भाषा मराठी करता येते, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मी केली नाही. माझ्या मनात वापरणाऱ्या माणसाचा जो फोन होता तो इंग्रजीतच होता. मला लोक गृहीत धरतात तसंच मी अम्मीला धरलं.

हे एकट्या माझ्या बाबतीत होतं असंही नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडीताईंनी सरकारी मोबाईल परत केले होते, आठवत असेल. २०१९ मध्ये मिळालेले ते फोन, दोन जीबी रॅमचे. पोषण ट्रॅकर त्यावर धड चालत नव्हता आणि नोंदी इंग्रजीत करायच्या होत्या. तेव्हा मी बातमी वाचून सरकारला नावं ठेवली होती. ऍप बनवणाऱ्यांनी ताईंच्या हातातला फोन एकदा तरी हातात घ्यायला नको का, असं म्हणाले होते.

रविवारी जोहरनंतर बायका जमल्या. पहिला रोजा होता, मागच्या आळीतल्या काकूंनीही पाणी मागितलं नाही. मी उभं राहून सांगितलं की मोबाईल चुकला नव्हता, मी चुकले होते, आणि काय चुकलं तेही सांगितलं. कार्डं असलेल्या सात जणींची जमा कार्डाशी ताडून पाहिली. सातही जुळल्या. खाला मागे भिंतीला टेकून बसली होती. अम्मीने तिची जमा मोठ्याने वाचली, नऊ हजार. मग वीस हजार मोजून तिच्या हातात दिले. खालाने ते न मोजता पदरात बांधले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, मला पण वाटायला लागलं होतं, की मी भरलेच नव्हते की काय."

ते वाक्य अजून जात नाही डोक्यातून.

आता ऍपमध्ये दर बैठकीनंतर हिशेबाची एक प्रत आपोआप दुसरीकडे जाते. सही मी दोन ठिकाणी जपून ठेवली आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, गटाच्या जुन्या शिक्क्यावर अहमदनगर आहे आणि नव्या कागदांवर अहिल्यानगर. शोधताना दोन्ही एकच धरायचं, हेही यंत्राला सांगून ठेवलं. तपासणीसाठी एक जुना फोन विकत घेतला, तो कायम मराठीत असतो. सुरुवातीला मला त्यात काही सापडत नसे. आता सापडतं.

निघताना अम्मीने लाल वही काढली. जूननंतरची नऊ पानं कोरी होती. ती तिने मला मोबाईलवरून वाचून दाखवायला लावली आणि स्वतःच्या हाताने भरली. निळ्या शाईत, देवनागरी आकड्यांत. म्हटलं, अम्मी, आता तर सगळं नीट झालंय. ती म्हणाली, "असू दे. मोबाईल तुझा, वही माझी."